तंबोऱ्यातले तांदूळ

जगात जेवढ्या चुली पेटतात त्यांतल्या बहुतेक चुकीच्या पेटतात, आणि त्यांच्यावर जे शिजतं ते त्याहूनही चुकीचं शिजतं, असं मिरजेच्या तात्यांचं ठाम मत होतं. ह्या मताला एकच अपवाद होता आणि ती चूल त्यांची स्वतःची होती. पण तिच्याबद्दलही ते फारसं चांगलं बोलत नसत. "बरी हाय, पर डाव्या अंगाला जाळ कमी घेती," असं एखाद्या हट्टी सुनेबद्दल बोलावं तसं बोलत. आमटी, कालवण, भाकरी, चहा, पानातला चुना, देवळातला प्रसाद, कशालाही 'चांगलं झालंय' म्हटल्याचं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आणि त्यांच्या आवारात कुणी उपाशी राहिल्याचंही पाहिलं नाही.

तात्या माझ्या नात्याचे नव्हते की गोत्याचे नव्हते. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आईच्या पोटात गाठ झाली होती आणि तिला घेऊन मी देवगडाकडच्या आमच्या गावाहून मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आलो होतो. मराठी तिसरीत शाळा सोडलेली, त्यानंतर बंदरावर गोणी उचलल्या, आणि घाटाच्या वर पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं कोल्हापूर गाठलं तेव्हाच मला वाटलं होतं की आपण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो. दवाखान्यात आईला खाट मिळाली, पण माझी सोय मला बघायची होती. चौकशी करत करत ज्या आवारात शिरलो ते तात्यांचं. आठ खोल्यांची एक चाळ, वर पत्रा, मधे चिंचेचं झाड, आणि प्रत्येक खोलीपुढं तीन दगडांची एकेक चूल. मिरजेला आजारी माणसं घेऊन जे लांबलांबून येत ते अशा खोल्या घेऊन राहत, आपापल्या माणसासाठी रांधत आणि डबे घेऊन दवाखान्यात जात. कुणी विजापूरकडचं, कुणी सोलापूरकडचं, कुणी कवठे महांकाळचं. आठ चुलींवर आठ मुलखांचं जेवण शिजायचं, आणि त्या आठही चुलींवर एकच माणूस मत द्यायचा.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे. तिथला घेवडा सोडून जगातल्या बाकी सगळ्या कडधान्याला ते 'खडं' म्हणत. पहिल्या लढाईत हवालदार म्हणून बसऱ्याला जाऊन आलेले. त्या लढाईबद्दल विचारलं की म्हणत, "तोफंचं काय वाटलं न्हाई गड्या, टिनातल्या मटणाचं लय भ्या वाटलं." परत आल्यावर बायकोच्या माहेरची ही जागा मिळाली म्हणून मिरजेला राहिले, ते राहिलेच. सकाळी आणि दुपारी, चुली पेटल्या की हात मागे बांधून ते आवारात फेरी मारत, पलटणीची तपासणी करावी तशी. वास घेत, झाकण उचलत, आणि मागितलेला नसताना सल्ला देत. त्यांना तर बघावंही लागत नसे. भाकरी थापल्याचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून पीठ कधीचं दळलंय ते सांगत. एकदा कवठ्याच्या एका बाईला त्यांनी असंच पलीकडून सांगितलं, "आवं बाई, ह्ये पीठ चार दिसांचं हाय."

बाई काही कमी नव्हती. ती म्हणाली, "तुमी काय भिताडाला कान लावून बसताय व्हय?"

"कान कशाला लावाय पायजे? ताजं पीठ बोलतंय. तुमचं पीठ गप हाय."

बाईनं त्या दिवशी त्यांना मुद्दाम एक भाकरी नेऊन दिली. तात्यांनी ती खाल्ली, सगळी खाल्ली, आणि संध्याकाळी आपल्या घरातलं ताजं पीठ भरून तिच्या दाराशी ठेवलं. वर ओरडून सांगितलं, "ह्ये बोलणारं पीठ हाय!"

हॉटेलांचा त्यांना अतोनात राग. स्टेशनच्या बाजूला दोनतीन हॉटेलं आणि एक खाणावळ होती, तिकडून जाताना ते शत्रूच्या मुलखातून जावं तसे रस्त्याच्या मधोमध चालत. "हाटेलवाला माणसाची भूक बघून रांधत न्हाई रं, गाडीचं टायम बघून रांधतो," ते मला सांगत. "पुण्याची गाडी आली की त्येच्या आमटीत एक घागर पाणी वाढतंय, आन् बेळगावची आली की दोन." काकी, म्हणजे त्यांच्या बायको, सांगत की एकदा पाहुण्याच्या आग्रहाखातर ते आत जाऊन बसले होते. पुढ्यात भजी आली. तात्यांनी वाढप्याला विचारलं, "कवाची?" तो म्हणाला, "आत्ताची." तात्या म्हणाले, "भज्याचं न्हाई इचारलं, तेलाचं इचारलं." मग कढई बघायला ते आत भटारखान्यात गेले, आत आचाऱ्याला कांदा उभा का चिरलास म्हणून फैलावर घेतलं, आणि शेवटी खुद्द मालकानं हात जोडून त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. "मालक सोता सोडाय आला हुता," असं तात्या हा प्रसंग पुढं अभिमानानं सांगत.

पाकशास्त्राच्या पुस्तकाची तीच गत. सांगलीला दिलेल्या त्यांच्या लेकीनं वडलांना हौस आहे म्हणून असं एक पुस्तक आणून दिलं होतं. दुपारची जेवणं झाली की तात्या चष्मा लावून चिंचेखाली बसत आणि ते मोठ्यानं वाचत. आवारातल्या दमलेल्या, काळजीत बुडालेल्या माणसांना तेवढाच तमाशा. "ऐका! 'चवीपुरते मीठ घालावे.' कुणाच्या चवीपुरतं? लिवणारीच्या का माज्या? 'मंदाग्नीवर शिजवावे.' मंद म्हंजी किती? बाभळीचा मंद का तुरकाट्यांचा मंद? 'लालसर होईपर्यंत परतावे.' विटंगत लालसर, का पैलवानाच्या लंगोटागत लालसर?" त्यांनी त्या पुस्तकातलं पुरण करून बघितलं आणि लेखिकाबाईंना प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं: 'आपले पुरण केले. कुत्र्याने हुंगून सोडले. कळावे, लोभ असावा.' उत्तर आलं नाही. बाईंना आपली चूक पटली, असा तात्यांनी त्याचा अर्थ लावला आणि त्यांना मोठ्या मनानं माफ केलं.

घरात चूल त्यांचीच. कृष्णाकाठचं वांगं आणायला ते उजाडता उजाडता बाजारात जात, आणि देठाचे काटे टोचून बोटं रक्ताळली नाहीत तर रिकाम्या हातानं परत येत, कारण ज्याचा काटा टोचत नाही ते वांगं शिळं. काकी ओसरीवर बसून निवांत सुपारी कातरत. मी एकदा धीर करून विचारलं, "काकी, तुम्ही कधीच रांधत नाही?" तर म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवा पयल्याच दिशी आमटी केली. ह्यांनी तीन खोडी काढल्या. म्या म्हटलं, उद्यापासनं तुमीच करा. तवापासनं मी राणी हाय बग."

अशा माणसाच्या आवारात मी पहिल्या दिवशी भात शिजवला. गावाकडं मी चुलीजवळ कधी गेलो नव्हतो. रेशनवर मिळालेला जुना, कुबट वासाचा तांदूळ मी पातेल्यात घातला, अंदाजानं पाणी ओतलं आणि देवाचं नाव घेतलं. तात्या मागं कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"कोकण्या, ह्ये काय रं?"

"भात."

"भात? मला वाटलं भिंतीला कागद चिकटवायचेत." त्यांनी पातेलं उचललं, चिंचेखाली बांधलेल्या वासरासमोर नेऊन ठेवलं, आणि मला हाताला धरून घरात नेऊन जेवायला बसवलं. तसं भाताला ते मुळी जेवणच मानत नसत. "भात म्हंजी जेवायच्या आदी खळखळून चूळ भरणं," म्हणत. जेवता जेवता त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. आईच्या अंगात ताकद उरलेली नाही, अशा अंगाला चाकू लावता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पंधरा दिवस खाऊपिऊ घाला. अंग धरलं तर ऑपरेशन करू, नाहीतर घरी घेऊन जा. घरी घेऊन जा म्हणजे काय, ते न शिकलेल्या माणसालाही कळतं.

"एवढंच ना?" तात्या म्हणाले. "पंधरा दिसांत तुजी आई कुस्ती खेळंल. डबा हितनं जाईल."

आणि डबा जाऊ लागला. पहिल्या दिवशी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, दुसऱ्या दिवशी मुगाचं कढण, मग अळणी, म्हणजे बोकडाच्या मटणाचं बिनतिखटाचं पाणी, ज्यानं मढंही उठून बसतं असा त्यांचा दावा होता. पहाटे उठून, फुंकणी फुंकून, डोळे लाल करून ते हे सगळं करत. मी डबा घेऊन आईच्या खाटेशी जाई. आई दोन घास तोंडात घोळवी आणि मान फिरवी. "गिळवणा नाय रे झिला." मी विनवण्या करी, रागावे, रडायला येई, पण घास काही उतरत नसे.

आता तो भरलेला डबा परत न्यायचा कसा? अनोळखी मुलखात ज्यानं आसरा दिला, न सांगता माझ्या आईसाठी चूल पेटवली, त्याच्यापुढं जाऊन 'आवडलं नाही' म्हणायचं? आणि ज्याच्या जिभेपुढं अख्खी मिरज चळचळा कापते त्याला? मला ते जमलं नाही. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून डबा स्वतः संपवी, नळावर घासून लख्ख करी आणि परत येऊन सांगे, "आईला फार आवडलं." तात्या नुसते हुंकार देत. पण रोज तोच हुंकार थोडा लांबत होता.

पाचव्या दिवशी आईचं वजन झालं. तीन रत्तल कमी भरलं. मी आवारात आलो तेव्हा तात्या चिंचेखाली उभेच होते.

"कोकण्या, हिकडं ये. उजेडात हुबा ऱ्हा." मी उभा राहिलो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड इकडून तिकडं फिरवलं, बाजारात वांगं फिरवून बघावं तसं. "तुजं गाल वर आल्यात."

मी सदरा ओढून सारखा केला.

"सदऱ्याचं बटन तुटाय आलंय. आईचं वजन किती भरलं?"

मी सांगितलं. आणि मग पाच दिवसांचं सगळंच सांगितलं. तात्या हनुवटी सोडून तडक घरात निघून गेले. मी खोलीत गेलो आणि गाठोडं बांधायला घेतलं. दारात अंधारलं म्हणून वर बघितलं तर ते.

"गठुळं कशाला बांधतोस?"

"तुम्ही रागावलात."

"रागावलोय. पर तुज्यावर न्हाई. पाच दिस डबा पाठवतोय, आन् एकदाबी इचारलं न्हाई की बाई घरी काय खाती. माज्या तोंडाची चव तिच्या तोंडात कोंबत हुतो."

ओसरीवरून काकी म्हणाल्या, "तीस वर्सं झाली, आमालाबी कवा इचारलं न्हाई."

तात्या तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मला म्हणाले, "काय खाती ती? सांग."

"पेज. उकड्या तांदळाची."

"पेज," ते म्हणाले, ज्याच्याशी बोलणं नाही अशा भाऊबंदाचं नाव घ्यावं तसं. मग म्हणाले, "आन् कुटं मिळतो त्यो तांदूळ?"

तोच तर प्रश्न होता. भात सालीसकट उकडायचा, वाळवायचा आणि मग कांडायचा. तो जाड, लालसर तांदूळ घाटावर कोण खातो? मिरज-सांगलीचे बाजार तात्यांनी दोन दिवस पालथे घातले. दुकानदार त्यांच्याकडं बघतच राहत, कारण तात्या आणि तांदूळ हे समीकरण कुणाच्या कल्पनेत बसत नव्हतं. तांदूळ होता तो खाली बेळगावाकडच्या खानापूरच्या बाजूला, आणि त्या दिवसांत धान्य इकडचं तिकडं न्यायला बंदी होती; स्टेशनावर झडती होत असे. तेव्हा तात्यांना चाचा आठवले. चाचा तंबोरे करणारे, मिरजेतले जुने कारागीर, तात्यांचे जुने स्नेही. दुरुस्तीचे तंबोरे आणायला त्यांची बेळगावाकडं ये-जा असे. आई तोवर पाण्यासारख्या दुधावर होती. पंधरातले आठ दिवस संपले होते.

चाचा आले त्या दुपारी तात्या आणि मी फलाटावर होतो. चाचा डब्यातून उतरले ते गोधडीत गुंडाळलेला तंबोरा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून. झडतीच्या शिपायानं त्यांना अडवलं.

"ह्यात काय?"

"तंबोरा, सायेब. वरची तबली फुटल्या, भोपळ्यावरची फळी."

शिपायानं गोधडीवरूनच भोपळ्यावर टिचकी मारली. पोकळ भोपळा घुमायला हवा; तो भरल्या मडक्यासारखा 'बद्द' वाजला. तात्यांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी पाच बोटं उमटलेली होती. तोफांना न भ्यालेला माणूस दोन शेर तांदळासाठी घामाघूम झाला होता.

"ह्याचा आवाज असा का?" शिपाई म्हणाला.

चाचा अगदी दुःखी चेहरा करून म्हणाले, "आवाज बरा असता तर मिरजंला कशापायी आणला असता सायेब? हितं दोगंच येत्यात, आजारी माणूस न्हाईतर आजारी तंबोरा."

शिपाई हसला आणि त्यानं वाट दिली. घरी आल्यावर चाचांनी भोपळा परातीत उपडा केला आणि त्या लाल, जाड दाण्यांची रास पडली. माझ्या डोळ्यांपुढं एकदम आमचं खळं उभं राहिलं. तात्यांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाले, "कोंड्यावानी लागतंय." पण परातीबाहेर सांडलेला एकेक दाणा त्यांनीच वाकून वेचला.

कृती मी आईकडून लिहून आणली होती, दवाखान्यातल्या एका वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर. माझं अक्षर म्हणजे एका ओळीत चार शब्द. तात्या चुलीपुढं मांडी घालून बसले, हात मांडीवर ठेवून, पंतोजीपुढं बसावं तसे. "वाच," म्हणाले.

"तांदूळ तीन पाण्यांनी धुवावा."

"धुतला."

"तांदळाच्या वर बोटाची तीन पेरं पाणी घालावं."

तात्यांचा हात थांबला. "कुणाच्या बोटाची?" त्यांनी आपलं बोट माझ्यापुढं धरलं, ते केळ्याएवढं होतं. "माज्या तीन पेरात हिरीचं पाणी बसंल. तुज्या आईचं बोट केवढं हाय?"

मी सांगणार काय? काकींनी वाकळ शिवायचा दोरा तोडून दिला. मी पळत दवाखान्यात गेलो, आईच्या बोटाची तीन पेरं दोऱ्यानं मोजली, गाठ मारली आणि पळत आलो. पायांखाली रस्ता होता की नाही आठवत नाही. तात्यांनी तो दोरा पातेल्यात धरला आणि पाणी बरोबर गाठीपर्यंत ओतलं, थेंब जास्त नाही.

"फुडं?"

"दाणा फुटेपर्यंत शिजवावा."

"फुटला म्हंजी किती फुटला? टोकाला चीर गेली म्हंजी का पार फुलला म्हंजी?"

मी पुन्हा पळालो. वॉर्डाच्या दारावरची दाई आता मला बघून हसायला लागली होती. आई खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "दाणो फुटलो की रांधतल्याक आपोआप कळता." हे आता तात्यांना कसं सांगायचं ह्या काळजीत मी परत आलो. पुस्तकातल्या 'लालसर'ची त्यांनी काय दशा केली होती ते मी ऐकलं होतं. पण तात्या शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. बाईला कळतंय." आणि ते चुलीपुढं टक लावून बसले. कधी दाणा फुटला ते मला दिसलंच नाही. त्यांना दिसलं.

आई उशाला टेकून बसली. मी वाटी तिच्या ओठाला लावली. एक घोट, दोन घोट, मग तिनंच माझ्या हातातून वाटी घेतली. पूर्ण प्याली. तळाचे दाणे बोटानं पुसून खाल्ले. मग वाटी खाली ठेवून तिनं कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "मीठ जरा जास्ती झालां. आणि लोखंडाची पळी घातल्यान काय रे? वास येता."

मी आवारात शिरलो तेव्हा तात्या अजून जेवले नव्हते. काकी, चाचा, कवठ्याची बाई, सगळी चिंचेखाली.

"प्याली?"

"प्याली."

"समदी?"

"समदी."

"आन् काय म्हणाली?"

एक खोटं मला पाच दिवसांना आणि आईला तीन रत्तलांना पडलं होतं. मी डोळे मिटले आणि खरं सांगून टाकलं. मीठ जास्त झालं. पळी लोखंडी होती का, वास येतो म्हणाली.

मग तात्या एवढ्यानं ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले. "खोड काढली! आगं ऐकलंस का, बाईनं खोड काढली! जगती आता, गड्या, जगती! मराय टेकल्यालं माणूस पुढ्यात येईल त्ये ग्वाड मानून घेतंय. मीठ जास्त झालं म्हणाया अंगात जीव लागतो!" आणि हा धिप्पाड माणूस उपरण्यानं डोळे पुसत धुराला शिव्या देऊ लागला. चूल तर केव्हाच विझली होती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी नारळाच्या करवंटीची पळी करून आणली. दांडा म्हणून तिला मोडक्या तंबोऱ्याची खुंटी बसवली होती, चांगली रंग दिलेली. त्यानंतर रोज मी डबा नेई आणि खोड घेऊन येई. कधी पेज पातळ, कधी धुरकटलेली, कधी निवल्यावर भरलेली. तात्या आतुरतेनं विचारत, "आज काय?" एक दिवस आई काहीच म्हणाली नाही. तात्या दिवसभर अस्वस्थ होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मीठ घातलंच नाही. आईनं तेवढ्यासाठी मला परत पाठवल्यावर त्यांना बरं वाटलं. पंधराव्या दिवशी वजन वर चढलेलं होतं. ऑपरेशन झालं त्या दिवशी तात्यांनी आवारातल्या एकाही चुलीवर मत दिलं नाही. मी निरोप घेऊन आलो, आई शुद्धीवर आली म्हणून सांगितलं, तेव्हा ते उठले, पलीकडच्या विजापूरकराचं झाकण उचललं आणि म्हणाले, "ह्ये काय, डाळ का चिखल?"

महिन्याभरानं आई आवारात आली. तोवर दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. बायकांच्या वॉर्डात नात्याबाहेरच्या पुरुषांना मज्जाव, आणि तसंही औषधांच्या वासानं जीभ बिघडते म्हणून तात्या दवाखान्यापासून लांबच राहत. आईनं डोक्यावरून पदर घेतला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "गाठोड्यातला कुळथाचा पीठ काढ." ती तात्यांच्या चुलीपुढं बसली. त्या चुलीपुढं दुसरं कुणी बसलेलं काकींनीही पाहिलं नव्हतं. डाव्या अंगाला जाळ कमी आहे हे तिनं न सांगता ओळखलं आणि लाकूड सरकवलं. कुळथाची पिठी झाली. तात्या आपल्या भाकरीबरोबर जेवायला बसले आणि अख्खं आवार कामं सोडून बघत राहिलं. एक भाकरी झाली. दुसरी झाली. तिसरीनं त्यांनी वाटी पुसून घेतली. आता काय म्हणतात म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

तात्यांनी तांब्यातलं पाणी पिऊन मिशा पुसल्या. "आज माजी भाकरीच जरा जाड झाली," ते म्हणाले.

"होय," पदराआडून आई म्हणाली. "जरा जाडच झाली."

मिरज सोडल्यावर तात्यांना आम्ही पुन्हा पाहिलं नाही. आई पुढं बरीच वर्षं जगली, पण घाट चढून जायचा योग काही आला नाही. मी माझ्या चार शब्दांच्या ओळींत कार्डं टाकली. एकदोनदा उत्तरं आली, मग यायची थांबली. का थांबली ते मी कुणाला विचारलं नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी टांगा दाराशी आला. काकींनी आईच्या ओटीत सुपारी घातली. तात्यांनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या आणि कोल्हापूरच्या स्टँडवर काही खाल्लंत तर याद राखा म्हणून दम भरला. आम्ही टांग्यात बसतो न बसतो तोच आमच्या रिकाम्या खोलीपुढं नवं बिऱ्हाड उतरलं, जतकडचं कुणी. त्यांनी चूल पेटवली आणि तात्या तिकडं वळले. टांगा हलला. मागून त्यांचा आवाज येत होता, "आवं पावणं, ह्ये काय शिजवताय? आदी माणूस काय खातंय त्ये सांगा, मग चूल पेटवा." आई मान कलती करून ऐकत होती. टांगा वेग घेऊ लागला तशी ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "टांगेवाल्याक सांग, जरा सावकास हाक."

टांगेवाल्याला वाटलं, टाके दुखत असतील. त्यानं लगाम खेचला आणि घोडा अगदी पावलाच्या चालीनं नेला, कोपऱ्यापर्यंत.